बोटीतून उतरलेलं मूल, ट्रकातून उतरलेलं मूल

भूमध्य समुद्र ओलांडणाऱ्या रबरी बोटीत बायका-मुलांना मधोमध, तळाला बसवतात. कडेचा माणूस पाण्यात पडू शकतो, मधलं लेकरू पडणार नाही, असा साधा हिशेब. पण इंजिनाच्या डब्यांतून सांडलेलं पेट्रोल त्याच तळाशी साचतं, वरून खारं पाणी येतं, आणि त्या मिश्रणात तासन्‌तास बसल्यावर मांड्यांची, पाठीची कातडी सोलून निघते. जखम अगदी भाजल्यासारखी दिसते, पण बोटीत आग लागलेलीच नसते. म्हणून किनाऱ्यावर अशा मुलाला लगेच पांघरुणात गुंडाळायचं नसतं. आधी ओले कपडे काढायचे, भरपूर गोड्या पाण्याने अंग धुवायचं आणि मग कोरडं पांघरूण द्यायचं. क्रम उलटा झाला की पेट्रोल पांघरुणाखाली कातडीला चिकटून राहतं आणि मायेपोटी केलेल्या कामानेच जखम खोल होते.

समुद्रातून येणाऱ्या मुलांसाठीचं बाकीचं कामही असंच क्रमावर चालतं. लांपेदूसा हे इटलीचं बेट सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ आहे. तिथे किंवा ग्रीसच्या एखाद्या बेटावर बोट लागली की आधी पाणी, कोरडे कपडे आणि जखमा पाहणं. मग सोबत कोण आहे ते बघायचं आणि भावंडांना एकमेकांपासून तोडायचं नाही. नाव आणि वय त्यानंतर. ‘कुठून निघालास, का निघालास, कोणाला पैसे दिले’ हे प्रश्न सगळ्यांत शेवटी, तेही मुलाची भाषा जाणणाऱ्या माणसाला सोबत घेऊन. प्रत्यक्षात गर्दीत हा क्रम पुष्कळदा मोडतो, पण निदान तो लिहून ठेवलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ साली अशा मुलांबद्दल सविस्तर मार्गदर्शन काढलं. त्यात दोन प्रकार वेगळे केले आहेत: जबाबदारी घेणारं कोणतंही मोठं माणूस सोबत नसलेलं ‘एकटं’ मूल, आणि आईबापांपासून सुटलेलं, पण कदाचित काका-मामासोबत असलेलं मूल. वयाबद्दल शंका असेल तर शंकेचा फायदा मुलाला, हेही त्यातच आहे. इटलीने २०१७ साली एकट्या मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात स्वयंसेवक पालक नेमायची सोय आहे आणि एका पालकाकडे साधारणपणे तीनपेक्षा जास्त मुलं द्यायची नाहीत. नंतरच्या बदलांनी त्यातलं काही सैल झालं, पण पाया तोच.

हे सगळं विदर्भातल्या वाचकाला कशाला? इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण दिवाळी झाली की आपल्या गावाबाहेरच्या वीटभट्टीवर रात्री एक ट्रक लागतो. भांडी, गोधड्या, एखादी कोंबडी आणि त्यांच्या मधोमध झोपलेली पोरं. कोणी छत्तीसगडमधून आलेलं, कोणी मेळघाटातून, कोणी मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडून. सकाळी उठल्यावर त्या पोराला गाव माहीत नसतं, भाषा निम्मीच कळते, शाळेचा दाखला जुन्या गावी राहिलेला असतो. बोटीतून उतरलेल्या मुलाचं दुःख याच्यापेक्षा मोठं की लहान, हा प्रश्नच नाही. कामाचा क्रम मात्र दोन्हीकडे सारखा लागतो, आणि आपल्याकडे तो हमखास उलटा होतो: पहिल्यांदा ‘आधार कार्ड आहे का?’, मग दाखला, मग प्रवेश आणि जेवण सगळ्यांत शेवटी.

कायद्याने पाहिलं तर भट्टीवरचं मूल शरणार्थी नाही. शरणार्थी देशाची सीमा ओलांडून येतो. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, बालहक्क करार मात्र १९९२ साली स्वीकारला. आणि विदर्भाला शरणार्थी नवे नाहीत. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी, मुलचेराकडे वसली, आणि गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. भट्टीवरचं मूल तर या देशाचं नागरिक. त्याचा हक्क कोणाच्या दयेवर नाही, त्यामुळे ‘बाहेरचे आहेत’ हे उत्तर चालत नाही.

आधी मोजणी

ट्रक आल्याच्या आठवड्यात भट्टीवर मुलांची यादी व्हायला हवी. अंगणवाडी सेविका, आशा आणि शाळेतले एक गुरुजी किंवा मॅडम, तिघं मिळून गेले तर उत्तम. नाहीतर तीन खात्यांच्या तीन याद्या होतात, आकडा तिन्हींत वेगळा निघतो आणि आईला तेच प्रश्न तीनदा ऐकावे लागतात. बंदरावरही हीच तक्रार असते: पाच गणवेश, पाच वह्या, प्रश्न एकच. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस खरं सांगायचं सोडून सोपं सांगायला लागतो.

जायची वेळ महत्त्वाची. विटा थापणारी नवरा-बायकोची जोडी रात्री दोन-तीनला उठते, ऊन चढेपर्यंत थापते आणि दुपारी झोपते. साहेबी वेळेला, अकरा-बाराला गेलात तर खोपीत पाय पसरून झोपलेली माणसं दिसतील आणि ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा मारून परत याल. संध्याकाळी पाच-सहाला, चूल पेटायच्या सुमारास जा. मुकादमाला आणि शेठला सांगून जा, पण माहिती त्यांच्या तोंडून घेऊ नका. त्यांच्या यादीत जोड्या असतात, मुलं नसतात.

यादीत काय लिहायचं? मुलाचं नाव, ते स्वतः सांगतं तसं. आई आणि वडील दोघांची नावं. मूळ गाव, तालुका, जिल्हा, राज्य. शेवटची शाळा किंवा अंगणवाडी आणि वर्ग. आई किंवा बापाचा फोन नंबर, कारण मुकादमाचा नंबर हंगाम संपला की बंद होतो. परत कधी जाणार. आणि एक रकाना हमखास राहून जातो तो हा: हे मूल कोणासोबत आलं आहे? ‘सुटलेलं मूल’ हा प्रकार इथे दिसतो. आठ-नऊ वर्षांची एखादी पोरगी मावशीसोबत आलेली असते, मावशीचं तान्हं सांभाळायला. तिचे आईबाप गावीच आहेत. ती मावशीच्या रेशन कार्डावर नाही, जोडीच्या हिशेबात नाही आणि ‘तुम्हाला मुलं किती?’ या प्रश्नाच्या उत्तरातही येत नाही. म्हणून प्रश्न बदला: ‘या खोपीत रात्री कोण कोण झोपतं?’ छत्तीसगडी बाईला ‘इहां कतका झन लइका हे?’ असं तिच्या बोलीत विचारलं तर ती हसते आणि बोलायला लागते.

वय विचारताना तारीख मागू नका. ‘मागच्या होळीला चालत होता का?’, ‘कोणाच्या लग्नाच्या वर्षी झाला?’ असं विचारा. पुढचे दुधाचे दात साधारण सहा-सातव्या वर्षी पडायला लागतात, त्यावरून पहिलीचं मूल ओळखता येतं. युरोपात वय ठरवायला मनगटाचे एक्स-रे काढतात आणि त्यातही दोन वर्षांची चूक सहज होते. म्हणजे तुमचा दात पाहून केलेला अंदाज काही फार वाईट नाही. फक्त सगळ्यांची जन्मतारीख १ जून लिहून मोकळं होऊ नका. ही जुनी सवय पुढे त्याच मुलाच्या कागदपत्रांत दहा वर्षं भांडत बसते.

शाळेचं दार

शिक्षण हक्क कायदा, २००९. त्यातल्या चार गोष्टी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवण्यासारख्या आहेत. मूल कधीच शाळेत गेलं नसेल किंवा मधेच सुटलं असेल तर वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण: कलम ४. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही: कलम ५. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांचा प्रवेश बघणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य: कलम ९. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही: कलम १४. जन्मदाखला नसेल तर दवाखान्याच्या किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतली नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचं स्वतःचं निवेदन चालतं. आधार नाही म्हणून परत पाठवणं तर कुठल्याच कलमात बसत नाही.

मग अडतं कुठे? विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर. मुलाचं नाव जुन्या शाळेच्या पटावर आहे, नव्या शाळेत टाकलं की दुबार दिसतं. शिक्षकाला भीती वाटते की आपली नोंद चुकीची ठरेल, म्हणून तो मुलाला ‘नुसतं बसू दे’ म्हणतो. नुसतं बसलेल्या मुलाला पुस्तक मिळत नाही आणि मार्चमध्ये त्याचा कुठेच पत्ता लागत नाही. महाराष्ट्रात यावर शिक्षण हमी पत्रक आहे: मूल गाव सोडताना जुनी शाळा ते देते, त्यावर वर्ग, हजेरी, काय येतं आणि काय येत नाही हे लिहिलेलं असतं. ते बघून नवी शाळा दाखल्याविना मुलाला बसवून घेते आणि परत जाताना स्वतःची नोंद करून देते. मूल महाराष्ट्रातलंच असेल, मेळघाटातलं किंवा यवतमाळच्या पलीकडच्या तालुक्यातलं, आणि पत्रक नसेल, तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक फोन करा. विद्यार्थ्याचा क्रमांक फोनवर मिळतो. पाच मिनिटांचं काम आहे, तरी ते महिनोन्‌महिने राहतं. परराज्यातल्या मुलाला हे पत्रक नसतं. त्याच्यासाठी पालकांचं निवेदन आणि वयानुरूप प्रवेश हाच सरळ रस्ता.

पोषण आहार प्रवेशाच्या कागदांची वाट पाहत थांबवू नका. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. भट्टीवरच्या पोराला दिवसातलं हे एकमेव डाळ असलेलं जेवण असू शकतं. छत्तीसगडी घरात सकाळी बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, कांदा-मिरचीसोबत खातात. उन्हात काम करणाऱ्याला ते चांगलंच असतं, पण त्यात डाळ नसते.

पहिल्या दिवशी मुलाला वर्गासमोर उभं करून ‘सांग, तू कुठून आलास?’ असं विचारू नये. ज्याला त्या वर्गाची भाषा येत नाही त्याला चाळीस डोळ्यांपुढे बोलायला लावणं म्हणजे स्वागत नव्हे. त्याला त्याच्याच भट्टीवरच्या दुसऱ्या मुलाशेजारी बसवा. पाण्याची टाकी कुठे, संडास कुठे, घंटा कशाची, हे दुसऱ्या पोराकडून दाखवा.

भाषेचा घोळ वाटतो तितका मोठा नसतो, पण जिथे वाटत नाही तिथे असतो. हिंदी वाचता येणाऱ्या छत्तीसगडी मुलाला मराठीची लिपी ओळखीचीच असते. तो ‘ळ’ला अडखळतो, ‘आहे’ला ‘आहै’ म्हणतो, आणि पंधरा दिवसांत सरावतो. पण गणितात त्याला ‘कच्चा’ ठरवतात. का? हिंदी माध्यमाच्या बऱ्याच पुस्तकांत आता इंग्रजी पद्धतीचे अंक असतात आणि आपल्या फळ्यावर ५, ८, ९. त्याने तो ५ पाहिलेलाच नसतो. शिवाय गुरुजी ‘त्रेपन्न’ म्हणतात, त्याच्या कानाला ‘तिरपन’ची सवय. बेरीज त्याला येते, आकडा ओळखू येत नाही. दोन्ही पद्धतीचे अंक समोरासमोर लिहिलेला कागद बाकावर चिकटवा आणि आठ दिवस थांबा. मग ठरवा कोण कच्चं ते.

मेळघाटातल्या कोरकू आदिवासी मुलाचं वेगळं. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातलीच नाही. ती मुंडा कुळातली, संथाळीची दूरची बहीण. ते मूल महिनाभर गप्प बसलं तर त्याला मंद समजू नका, ते ऐकत असतं. त्या काळात तोंडी प्रश्नांऐवजी हाताची कामं द्या: खडे मोजणं, चित्र काढणं, जोड्या लावणं. आणि होळी आली की कोरकू कुटुंब घरी जाणार, हे गृहीत धरा. फाल्गुनात हजेरीला खड्डा पडतो तो शाळेवरच्या रागाने पडत नाही. होळीनंतर परत येणार का, हे जाण्याआधीच विचारून घ्या.

सगळ्यांत मोठी अडचण पाटीपुस्तकाची नसतेच, कडेवरच्या भावंडाची असते. नऊ वर्षांच्या मुलीला शाळेत आणायचं तर दोन वर्षांचा भाऊ कुठे ठेवायचा? अंगणवाडीत, हे उत्तर अर्धं बरोबर आहे. अंगणवाडी दुपारी सुटते, शाळा संध्याकाळी. म्हणून ती मुलगी रोज जेवणाच्या सुट्टीनंतर गायब होते आणि हजेरीपटावर ‘पळून जाते’ अशी नोंद होते. ती पळत नाही, भाऊ घ्यायला जाते. यावर चालणारे उपाय दोनच दिसतात. भट्टीवरच्या एका बाईने दुपारी पाच-सहा लेकरं सांभाळायची आणि तिच्या कमी थापलेल्या विटांची भरपाई शेठने करायची, किंवा वर्गात एका कोपऱ्यात सतरंजी टाकून त्या धाकट्याला झोपू द्यायचं. दुसरा उपाय शिस्तीत बसत नाही, पण मुलगी वर्गात राहते.

अंग आणि आजार

पाच वर्षांखालच्या प्रत्येक लेकराचा दंडघेर पहिल्याच फेरीत मोजा. वजनकाटा भट्टीवर नेणं जड जातं, रंगीत पट्टी खिशात मावते. डावा हात कोपरात काटकोनात वाकवायचा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधे पेनाने खूण करायची. मग हात सरळ सैल सोडायचा आणि खुणेवर पट्टी गुंडाळायची. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, पण कातडी दबली नाही पाहिजे. चूक इथेच होते: रडणारं लेकरू हात आखडतं, दंड फुगतो, आणि लाल आकडा पिवळ्यात जातो. आईच्या मांडीवर बसवून, हातात काहीतरी देऊन मोजा. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी (लाल) म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ (पिवळा) म्हणजे मध्यम. हे आकडे ६ महिने ते ५ वर्षांसाठीच. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खळगा राहतो का तेही बघा. राहिला तर पट्टी हिरवी असली तरी दवाखान्यात. तीव्र कुपोषित लेकराला भूक असेल, ताप-जुलाब नसतील, तर ग्राम बाल विकास केंद्रात उपचार होतो. भूक मेलेली असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रातच न्यायला हवं. तिथे आईलाही थांबावं लागतं, म्हणजे तिची रोजी बुडते. ‘नेतो’ म्हणून न नेण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं, निष्काळजीपणा नव्हे. खोपीत बसून ते बोलून घ्या.

अंगणवाडीच्या नोंदींच्या पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची सोय आहे, जुन्या केंद्रावरचं नाव नव्या केंद्राला घेता येतं. त्यात वेळ गेला तरी गरम आहार त्याच दिवशी सुरू करावा.

लसीकरणाचं कार्ड गावी राहिलं असेल तर आधी डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचा, व्रण बघा. जुन्या नोंदी ऑनलाइन सापडतात का ते आरोग्यसेविकेला बघू द्या. काहीच सापडलं नाही तर लस दिलेली नाही असं धरून पुढे जायचं. एखादा डोस जास्त गेल्याने नुकसान नाही, राहिल्याने आहे. बीसीजी १ वर्षापर्यंत देता येते, गोवर-रुबेला ५ वर्षांपर्यंत. गोवर भट्टीवर एका खोपीतून दुसऱ्या खोपीत वाऱ्यासारखा जातो, म्हणून एकाला पुरळ दिसलं की बाकीच्यांची यादी त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल पूर्व विदर्भात वेगळं सांगायला नको, पण भट्टीवर ते ओळखू येत नाही. पोरगं हातपाय दुखतात म्हणून रडतं, बाप म्हणतो दिवसभर हुंदडतो म्हणून दुखतात. ऊन, कमी पाणी, ताप आणि थंडी या सगळ्यांनी सिकलसेलचं दुखणं उसळतं, आणि भट्टीवर हे चारही आहेत. वारंवार सांधे दुखणं, डोळे पिवळे, पोटात डावीकडे फुगवटा, लहानपणी हातापायाच्या पंजांना सूज आलेली असणं: यातलं काही असेल तर बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणारी सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. वाहक की रुग्ण, हे पुढच्या तपासणीतच कळतं. हा फरक आईबापांना न सांगता नुसतं ‘पॉझिटिव्ह’ म्हणून गेलात तर पुढच्या फेरीला कोणी हात पुढे करणार नाही. रुग्ण असलेल्या लेकराला ताप आला तर वाट न बघता दवाखाना.

मार्चनंतर जुलाब सुरू होतात. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट नव्हे. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सोबत झिंकची गोळी १४ दिवस: सहा महिन्यांवरच्या लेकराला २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्याला १०. जुलाब तीन दिवसांत थांबतात आणि गोळ्याही तिथेच थांबतात, पण चौदा दिवस पुरे करण्यानेच पुढचे जुलाब कमी होतात.

भट्टीवरचे अपघात तीन-चार ठरलेले. माती काढलेल्या खड्ड्यात साचलेलं पाणी आणि गाऱ्याचा हौद: भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण तरी हवंच. राखडेचा ढीग वरून गार दिसतो, आत धगधगत असतो, आणि अनवाणी पोरगं त्यावर चढतं. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. हळद, टूथपेस्ट, माती काही लावायचं नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत पेटत्या भट्टीच्या उबेला झोपणं: कोळशाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेलं माणूस उठतच नाही. हे शेठला लेखी सांगा, तोंडी नको.

धान्य, उचल आणि १०९८

अन्नसुरक्षा कायद्याखालचं रेशन कार्ड देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात चालतं. कार्डाचा किंवा कुटुंबातल्या कोणाचाही आधार क्रमांक द्यायचा, अंगठा लावायचा. सगळं धान्य एकदम घ्यावं लागत नाही, थोडं इथे आणि उरलेलं गावी राहिलेल्या आजीला असंही होतं. अडचण अंगठ्याची. गारा आणि राखड हाताळून थापणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र ‘जुळत नाही’ म्हणतं. कामाच्या दिवशी नको, सुट्टीच्या दिवशी हात कोमट पाण्यात धुऊन, तेलाचा हात लावून, पुसून प्रयत्न करा. नाहीच जुळलं तर डोळ्याचं बुबुळ किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी, जे त्या दुकानात असेल ते मागा. दुकानदार आपण होऊन सांगेलच असं नाही.

उचल हा नाजूक भाग. जोडीने पावसाळ्यात मुकादमाकडून पैसे घेतलेले असतात आणि ते हजार विटांच्या दराने फिटायचे असतात. म्हणून घरातला प्रत्येक हात उपयोगाचा होतो. सात-आठ वर्षांचं मूल हलकं असतं, ओल्या विटांच्या ओळींतून पाय न उमटवता जातं आणि विटा वाळायला उलट्या करतं. १४ वर्षांखालच्या मुलाला असं कामाला लावणं गुन्हाच आहे, आणि दुसऱ्याच्या भट्टीवर ‘घरचीच मदत’ ही पळवाट चालत नाही. पण पहिल्याच भेटीत ‘केस करू’ म्हटलं तर रातोरात ट्रक भरून कुटुंब पुढच्या जिल्ह्यात जातं आणि यादीतलं मूल हरवतं. आधी शाळा पहाटेच्या थापणीनंतरच्या वेळेला जुळवा, मुलाला वर्गात आणा, मग पालकांशी आणि शेठशी बोला. अपवाद एकच: उचल फिटेपर्यंत जाऊ देत नाहीत, मारतात, मजुरी देत नाहीत असं कळलं तर ती वेठबिगारी झाली. १९७६ च्या कायद्याखाली ते उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडेच न्यायचं, गावपातळीवर मिटवायचं नाही.

एकटं सापडलेलं मूल, मार खाल्लेलं मूल, अत्याचाराची शंका: १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, कुठूनही, दिवसरात्र, फुकट. अशा मुलाला २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. तोपर्यंत त्याला खोदून खोदून विचारू नका. एकदा, एका माणसाने, मूल सांगेल तेवढंच ऐकून त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच असते. भट्टीची यादी तिच्या एका बैठकीत वाचून नोंदवली, तर निदान त्या मुलांची नावं पंचायतीच्या वहीत येतात.

परत जाताना

मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी भट्ट्या विझतात. हिशेब होतो आणि ट्रक भरतो, पुष्कळदा एका रात्रीत. शाळेला कळतं तेव्हा बाक रिकामा झालेला असतो. म्हणून जाण्याचे कागद एप्रिलमध्येच तयार ठेवायचे: हमी पत्रकावर किंवा साध्या कागदावर हजर दिवस, वाचन कुठवर, गणित कुठवर, शाळेचा शिक्का आणि फोन नंबर. लसीकरण कार्डावर इथे दिलेले डोस. दंडघेराचा शेवटचा आकडा आणि तारीख. सिकलसेल तपासणीचं कार्ड. परराज्यात जाणाऱ्या मुलाचा कागद हिंदीत लिहा, तिथल्या गुरुजींना मराठी वाचता येईल असं धरू नका.

हीच गोष्ट उलट्या दिशेनेही लागते. चंद्रपूर, गडचिरोलीतून मिरची तोडायला तेलंगणात जाणारी कुटुंबं आपलीच आहेत, आणि तिथल्या शाळेच्या फळ्यावर तेलुगू असतं. मूल मागे ठेवता येत असेल, आजी-आजोबा असतील, तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने कुटुंबं निघायच्या आधीच पाठवलेला असावा. निघाल्यावर पाठवलेला प्रस्ताव मंजूर होईस्तोवर मिरची संपते.

आणि कागद कोणाकडे द्यायचे? मुलाच्या दप्तरात नको. ट्रकात दप्तर खाली राहतं, नाहीतर पावसात भिजतं. दुधाच्या रिकाम्या पिशवीत कागद घालून, तोंड दुमडून, आईच्या पत्र्याच्या पेटीत रेशन कार्डासोबत ठेवायला सांगा. पेटी विसरत नाहीत.